तोंडात पाणी घालण्याआधी

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि विचारायचं तर अजून तुलाच. दुसऱ्या कुणाला सांगितलं की "तू चांगलंच केलंस" म्हणून मोकळे होतात, आणि माझं डोकं फिरतं.

कोरोनात मी संगमनेरला वॉर्डात ड्यूटीला होते. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, त्यामुळे शेवटचं पाणीही आम्हा नर्सनाच पाजावं लागायचं. एका सकाळी एका मुलाने गेटवर बाटली दिली, पुणतांब्याहून आणलेलं गोदावरीचं, म्हणजे आपल्याकडच्या गंगेचं पाणी. फोनवर रडत म्हणाला, "ताई, आमचे अण्णा काय आता ऱ्हात न्हाईत. तेवढं तोंडात घाला." केसपेपरवरचं नाव वाचलं आणि मी जागीच थबकले. आपल्या गावचे अण्णा. ज्यांच्या शेतात तू कांदा खुरपायला जायचीस, ते.

त्यांच्या विहिरीवरचा तो दिवस आठवतो का गं तुला? तू ओंजळ धरून वाकली आहेस, अण्णा लांबूनच वरून पाणी ओततायत. मला तहान आवरेना, मी सरळ तांब्यालाच हात घातला. त्यांनी तांब्यातलं सगळं पाणी मातीत ओतलं. आणि मारलंस तू मला. वाटेत म्हणालीस, "शिकायचंय ना तुला? मग गप ऱ्हा." मी शिकले. गप राहायला मात्र शिकले नाही.

त्या पीपीई किटमध्ये मी कोण, हे त्यांना कळायची सोयच नव्हती. गुपचूप पाजलं असतं तरी चाललं असतं. पण ती फसवणूक वाटली. आणि सांगितलं, नि त्यांनी मान फिरवली, तर? मरणाऱ्या माणसाला कोरड्या तोंडाने पाठवायचं? की मला त्यांना ऐकवायचंच होतं? खरंच माहीत नाही. मी कानाशी वाकून म्हटलं, "अण्णा, तुमच्याकडं खुरपायला यायची, तिची लेक मी. पाणी पाजू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला तर तोंड उघडलं. मी चमच्याने थोडं पाणी घातलं, त्यांनी गिळलं. दुपारी गेले.

आई, दम लागलेलं माणूस तोंड उघडंच ठेवतं. इतकी वर्षं हेच काम करतेय, मला फरक कळायला हवा होता. कधी वाटतं, ऐकून हो म्हणाले. कधी वाटतं, त्यांना नुसती हवा हवी होती. हे फाडूनच टाकणार आहे, म्हणून सांगते: त्यांनी तुला ओळखून तोंड उघडलं असावं, असं मला फार वाटतं. त्या माणसाकडून मला अजूनही काहीतरी हवंय, याचीच लाज वाटते.