कुडपणचा उलटा वारा

४ सप्टेंबर

बसला एकदाचा कॅमेरा! कुडपण गावात, कुशाबाकाकांच्या घराच्या स्लॅबवर, तोंड सरळ आभाळाकडे. यात आम्ही दिसतो का, असं काकांनी खालून दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर जरा खट्टू झाले.

हा उष्णता टिपणारा कॅमेरा – अंधारातही ढग दिसतात. ढग जितका थंड तितका उंच. तोच ढग लागोपाठच्या चित्रांत किती सरकला ते मोजायचं, की तिथला वारा कळला! अम्मीला फोनवर समजावलं. म्हणाली, म्हणजे ढगांकडे बघायचा पगार? हो अम्मी!

६ सप्टेंबर

पलीकडच्या माळावरून आमच्याच प्रकल्पातला रुचिर फुगे सोडतो. फुग्याला बांधलेलं यंत्र वर जाता जाता वारा कळवतं. पुण्याहून प्रकल्प बघणाऱ्या सरांनी बजावलंय – माझा वारा त्याच्या फुग्याशी जुळला तर कॅमेरा इथे राहील. नाही तर महिनाअखेर खोक्यात घालून परत. सोबत मीही. महाडच्या मुलीला कधी नव्हे ते घराजवळ काम मिळालंय. मला जायचं नाहीये.

९ सप्टेंबर

जुळत नाही.

१० सप्टेंबर

उत्तर-दक्षिण बरोबर, पूर्व-पश्चिम उलटी. ढग डोळ्यांदेखत पूर्वेला महाबळेश्वरकडे चाललेत, संगणक म्हणतो पश्चिमेला पोलादपूरकडे! वाटलं, कॅमेराच उलटा बसलाय. गरकन अर्धा फिरवला. पूर्व-पश्चिम सुधारली – तर उत्तर-दक्षिण बिघडली. काकांना तेवढीच करमणूक. "जात्यासारखा काय फिरवतेस गो? पीठ पडनार हाय काय त्यातनं?"

रुचिरला विचारलं. त्याने विषयच बदलला. फुगा भरायचाय म्हणाला नि गेला.

१२ सप्टेंबर

आज स्वतःहून आला. मी रडवेली. कॅमेरा पहिल्यासारखा कर म्हणाला, मग नकाशा मागितला.

"आता हा डोक्यावर धर, आडवा. छापील बाजू खाली. उत्तर उत्तरेकडे. आणि खालून बघ."

बघितलं. महाबळेश्वर पोलादपूरच्या बाजूला गेलेलं! नकाशा वरून बघितल्यासारखा काढतात, माझा कॅमेरा खालून बघतो – आणि मी त्याच्या चित्राला नकाशाच्या दिशा जशाच्या तशा चिकटवल्या होत्या. एमएस्सी, फिजिक्स. फर्स्ट क्लास!

प्रोग्राममध्ये एक उणे चिन्ह घातलं, संपलं. मी इतकी हसले की काका काठी घेऊन वर आले. रुचिरही हसला, पण लवकर निघाला. मला तो आवडतो. लिहून टाकलं एकदाचं.

१९ सप्टेंबर

जुळतंय! खालचे ढग, वरचे ढग, सगळे. आलेख सरांना पाठवले. अब्बा माल घेऊन कशेडी उतरत होते, घाटातच गाडी बाजूला घेऊन त्यांनी फोन उचलला. क्लीनरला तिथेच ओरडून सांगितलं त्यांनी. पोरगी घराजवळ राहणार म्हणून.

रुचिरला पेढा दिला. अर्धाच खाल्ला.

२३ सप्टेंबर

सरांचा फोन. कॅमेरा कुडपणलाच राहणार, मीही! आभार मानत होते, तेवढ्यात म्हणाले, "आता तिथे फुग्याची गरज नाही. ते काम या महिन्यात बंद होईल. रुचिरला मी सुरुवातीलाच सांगितलं होतं – दोघांपैकी एकच राहणार."

तो माळावर फुगा भरतोय. मला स्लॅबवरून खाली उतरवत नाहीये.