कोरसबाईच्या पहिल्या अल्बमचे वारस

मी, वय वर्षे एकोणसाठ, गाण्याच्या धंद्यात ‘कोरसबाई’ म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या दबावाखाली न येता वा गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे. आजवर इतरांच्या मागे उभी राहून आलाप घेण्यात आयुष्य गेले. मागे ठेवण्याजोगे काही नव्हते. आता माझा स्वतःचा अल्बम पुढच्या महिन्यात निघतो आहे. शब्द माझे, चाली माझ्या, आवाज माझा. म्हणून वारस नेमणे आले.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका लेकीचे. वरच्या खोलीचा वापर मात्र माझा धाकटा भाऊ हयात असेतो त्याच्याकडे राहील. तो वायरमन आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यानेच ती खोली रेकॉर्डिंगजोगी केली आणि आवाज नको म्हणून पंखा बंद ठेवून, घामाने निथळत सगळी गाणी टिपली. त्या गाद्यांना कोणी हात लावू नये.

२. गिटार माझ्या गिटारवाल्या साथीदाराला. त्याने ती वाजवावी. आठवण म्हणून भिंतीवर टांगल्यास भावाने काढून आणावी.

३. अल्बमचे हक्क लेकीकडे जातील. तिने ते म्युझिक कंपनीच्या त्या मॅनेजरला कदापि देऊ नयेत. गाणी ऐकून ते म्हणाले होते, “बाई, गाणी झकास आहेत. आवाज तेवढा कोवळा घेऊ. तुम्ही मागे कोरसला राहा.”

मी म्हटले, “कोवळी होते तेव्हा तुमच्याच दारात उभी होते, साहेब.” आणि उठून आले. एक गाणे रेडिओवर लागल्यापासून त्यांचे फोन येतात. येऊ देत.

४. ‘जाताना दिवा मालव’ हे गाणे माझा नवरा आम्हाला सोडून गेला त्यावर आहे. लेक म्हणाली, “आई, बाबा गेले हे गल्लीला माहीत आहे. आता गावभर वाजवायचं का?”

“गेला तो. लाज आपण का वाटून घ्यायची?” मी म्हटले. तिने अबोला धरला. मी गाणे अल्बममधून काढले नाही. ते माझे सर्वांत चांगले गाणे आहे. पण ज्या घरातून तो गेला ते तिचेही होते. सबब माझ्यामागे ते ठेवावे की काढावे, हे तिने ठरवावे.

वरील कलम तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, “तू गेल्यावर कशाला? आत्ताच ठरवते. राहू दे. पण शेवटचं कडवं तू एकटीने म्हणायचं नाहीस.”

काल ते कडवे आम्ही दोघींनी गायले. तिचा सूर किंचित चढा लागला. भाऊ म्हणाला, “परत घेऊ?” आम्ही एकदमच नाही म्हणालो.

सबब कलम चार रद्द. तो वाटा तिला माझ्या हयातीतच पोचला.

ठिकाण : घरची वरची खोली
दिनांक : १४ ऑक्टोबर
सही : कोरसबाई

साक्षीदार :
१. शेजारचे औषधवाले (सही)
२. आमच्या डॉक्टरीणबाई (सही). शेरा : सही करताना बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. गुणगुणत होत्या.