मिनोरीची धर्ममाता

स्कारबरो

प्रिय नायजेल,

तुझा मेसेज मिळाला. उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण फोनवर तू ‘ओके मॉम, बाय’ म्हणून मला कटवतोस. सातवीपर्यंत वसईत मराठी शिकलास, ते वाया जाऊ नये म्हणून लिहिते. इथे अर्धा मार्च सरला तरी काल पुन्हा बर्फ पडलं. बाबांनी उत्साहाने विंटर टायर काढून ठेवले होते. आता गाडी ड्राइव्हवेत आणि बाबा खिडकीत.

तुमच्या जपानी युनिव्हर्सिटीतल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या क्लबचे फोटो आम्ही पाहतो. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायचे, बायबल वाचायचं, मग गिटार. बाबांच्या मते हा क्लब नव्हे, सहल आहे. जपमाळ नाही, फादर नाहीत, आणि निम्म्या मुलांचा बाप्तिस्माही झालेला नाही. मी म्हटलं, इंग्रजी बोलायला का होईना, येतात ना! आपली जन्माची ख्रिस्ती पोरं चर्चमधली रविवारची मिस्सा संपेपर्यंत पार्किंग लॉटमध्ये उभी असतात.

नाताळात तुम्ही कॅम्पसवर मेणबत्त्या घेऊन गायलात, त्या व्हिडिओत मिनोरी मला पहिल्यांदा दिसली. बाकीचे कागदात बघून गात होते, ती तुझ्याकडे बघून. नंतर कळलं, तू तिला करंज्या शिकवल्यास. इथे तू कधी लाटण्याला हात लावला नव्हतास.

आता ती ईस्टरला बाप्तिस्मा घेणार. तिच्या आईवडिलांची हरकत नाही, पण ते चर्चमध्ये येणार नाहीत. तिच्या बाजूचं बाक रिकामं राहू नये, म्हणून मी येऊन तिची धर्ममाता व्हावं, अशी तुझी कल्पना. वर ‘नो बिग डील’. बिग डील आहे रे. आपल्याकडे धर्ममाता लेकराला हातांवर घेऊन वेदीपाशी जाते, झबलंही तीच आणते. एवढी मोठी मुलगी मला काही उचलवणार नाही, पण तेही एक वेळ चालून जाईल. तुला जे कुणी सांगितलेलं दिसत नाही ते असं: धर्ममातेची मुलं ही त्या लेकराची भावंडं होतात. कायमची. आपल्या आळीतल्या रश्मीचं ठरत आलेलं लग्न याच कारणावरून फिसकटलं होतं. इथले फादर म्हणाले, आता तसा नियम उरलेला नाही. फादरांना वसईच्या बायका कुठे ठाऊक आहेत!

म्हणून हे लिहायला बसले. मी मिनोरीची धर्ममाता होणार नाही. ओकव्हिलच्या अँजेला आंटीला विचारलंय. तिला दोन्ही मुलीच आहेत, तेव्हा अडचण नाही. माझ्याबरोबर तिकडे यायला ती आनंदाने तयार झाली. मीही येतेय, मिनोरीच्या बाजूच्या बाकावर बसायला. तू तिकडचाच होऊन जाशील याची मला भीती वाटते, ती काही लपवत नाही. पण माझ्या हाताने तिला तुझी बहीण करून ठेवायचं आणि जन्मभर तुझं पडलेलं तोंड बघायचं, हे माझ्याने होणार नाही. तुझ्या मनात खरंच तसं काही नसेल तर कळव, मी अँजेलाला नको म्हणते आणि स्वतः उभी राहते. लवकर कळव, आणि खोटं कळवू नकोस. मला ती मुलगी फार आवडली आहे.

तुझीच,
आई