सभा तहकूब, बरखास्त नाही

मी, आशालता सुरेश शेवाळे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार मुलगा रमण याच्या घरी, अवोन्डेल, ऑकलंड, पूर्ण शुद्धीत आणि कुणी हात धरलेला नसताना हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायची घाई नव्हती.

मंगळवारी माझ्या मेंदूजवळची गाठ काढणार आहेत. सर्जन म्हणाला, जिवाला धोका कमी, वाचेला जास्त. मेले तर सुटले. मुकी होऊन उरले तर काय, त्यासाठी हा कागद.

कलम १. पाटल्या मुलगी नीताला. ती हॅमिल्टनला नर्स आहे, ड्यूटीवर हातात काही चालत नाही, तरी मोडायच्या नाहीत. विळी सून ऋचाला. तिने ती ‘डेंजरस’ म्हणून गराजमध्ये टाकली आहे; तिथेच राहू दे, पण गंजू देऊ नये. बँकेत असेल ते रमण आणि नीताला निम्मं निम्मं. मागच्या अंगणातलं अळू ज्याला खाज सोसेल त्याचं.

कलम २. जाऊ वसुंधरा हिला काही नाही. मी गावची नगराध्यक्षा झाले तेव्हा ती म्हणाली होती, “हिला चूल सांभाळता येईना, ही गाव सांभाळणार!” हे कलम तिला फोनवर वाचून दाखवावं. स्पीकरवर.

कलम ३. आरक्षणाच्या सोडतीत अध्यक्षपद बाईला गेलं म्हणून मला खुर्ची मिळाली. सभा चालवायची, प्रत्येकाला पाळीने बोलू द्यायचं, घंटा वाजवून गोंधळ थांबवायचा, मतं समसमान पडली तर निर्णायक मत द्यायचं, हे माझं काम. पण माझ्या खुर्चीमागे आमचे हे बसायचे. नवऱ्यांना सभेत मज्जाव होता, तरी बसायचे. प्रश्न मला, उत्तर ह्यांचं. माझ्या डोक्यावरून बोलणं चालायचं आणि मी मध्ये हार घालून बसलेली. मुकं होणं म्हणजे काय ते मला तेव्हापासून माहीत आहे.

मग एकदा पाण्याच्या टाकीच्या जागेवर मतं समसमान पडली. ह्यांनी मागून हात वर केला. मी घंटा वाजवली आणि म्हटलं, “अहो, बाहेर व्हा.” हे उठून गेले. मग मत मी दिलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी जेवले.

कलम ४. गेल्या रविवारी मी टेबलाशी अळूच्या शिरा काढत होते. समोर रमण आणि नीता, ऑपरेशननंतर मला वृद्धाश्रमात ठेवायचं की घरी यावर बोलत होते.

“रेस्ट होमच प्रॅक्टिकल आहे, नीता.”

“मी नेते तिला हॅमिल्टनला.”

“आणि तुझ्या शिफ्ट्स? दिवसभर कोण बघणार?”

एक मत इकडे, एक तिकडे. मी समोर, आणि माझ्याकडे कुणी बघेना. मला अजून बोलता येतं आहे, तर ही गत.

नात इरावती वेलिंग्टनहून आली होती. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. तिने फडताळातली माझी सभेची पितळी घंटा उचलली आणि अशी वाजवली की ऋचा बाथरूममधून पळत आली. “गाइज, स्टॉप. शी इज राइट हिअर.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आजी, तू बोल.”

मला बोलता आलं नाही. पण पोरगी थांबली. दोघांनाही थांबवून ठेवलं. मग मी म्हटलं, “मला माझ्या खोलीत राहायचं आहे.”

कलम ५. म्हणून घंटा इरावतीला. माझ्या वतीने सही करायचा अधिकारही वकीलबाईंनी वेगळ्या कागदाने तिलाच दिला आहे. सही कुणाची ते त्या कागदात आहे. सभा कशी चालवायची ते इथे आहे.

माझ्याविषयी बोलायचं ते माझ्यासमोर, माझ्याकडे बघून. माझ्या खुर्चीमागे कुणी उभं राहायचं नाही. दोघांची मतं समसमान पडली तर निर्णायक मत माझं. प्रश्न विचारून थांबायचं. वाचा गेली तर हाताची खूण बघायची, हात चालला नाही तर डोळे बघायचे. चहा गार झाला तरी थांबायचं. मी गुंगीत असेपर्यंत सभा तहकूब. बरखास्त नाही.

कलम ६. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. हे मी सोमवारी जेवणं झाल्यावर इरावतीकडून मोठ्याने वाचून घेणार आहे. मेल्यावर ऐकून मला काय उपयोग?

वाटेकऱ्याची साक्ष चालत नाही म्हणून शेजारची दोघं बोलावली. सहीआधी मृदुलाने विचारलं, “आशाताई, हे सगळं तुमच्या मनासारखं आहे ना?” मी लगेच बोलले नाही. मोहन घड्याळ बघत होता. मृदुला पेन हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

अस्सं थांबायचं.

मग मी हो म्हटलं.

सही: आशालता सुरेश शेवाळे
(शेजारी डाव्या हाताचा अंगठाही लावला आहे. पुढे सही जमली नाही तर ओळख असावी.)

आम्हा दोघांच्या देखत सही व अंगठा झाला, आणि आम्ही त्यांच्या देखत सह्या केल्या:
१. मृदुला करंदीकर, फार्मासिस्ट
२. मोहन गायतोंडे, इंजिनिअर

अवोन्डेल, ऑकलंड
शनिवार, १४ जून २०२५