भरतीची पाटी

२ मार्च, सोमवार
रोजनिशी, माफ कर, फार दिवसांनी लिहितोय. तलावावरची बोट इकडे लेकीच्या गावी आणण्यात जीव मेटाकुटीला आला. इथे नदी आहे. समुद्र जवळ आहे म्हणतात. असू दे, आपण कुठे तिकडे जाणार?

ही म्हणते, एकच फेरी येईन, भीती वाटली तर बोट विकायची. मी ताबडतोब कबूल. झोप नाही आली. ॲसिडिटी.

५ मार्च
धक्का पाहिला. पाटीवर खडूने लिहिलंय, ‘भरती सकाळी साडेनऊ’. माणसं घेत असतील. आपल्याला या वयात नोकरी नको, तरी रखवालदाराला पगार विचारला. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, काका, पोहता येतं का? अटी कडक दिसतात.

६ मार्च
सकाळी बोट आखूड दोराने आवळून बांधली. संध्याकाळी बघतो तर धक्क्याला वटवाघळासारखी लटकलेली! कुणीतरी नदीचं पाणी शेतीला सोडलंय. तक्रार करणार.

जावई म्हणाला, बाबा, ओहोटी असेल. म्हटलं, ती समुद्राला असते. बँकेतला माणूस, त्याला पाण्यातलं काय कळणार!

८ मार्च, रविवार
निघालो. योजना पक्की: इंजिनावर वर जायचं, येताना इंजिन बंद, प्रवाह घरी आणतो. पेट्रोल निम्मंच घेतलं.

इंजिन बंद केलं. ही म्हणाली, अहो, आपण अजून पुढेच चाललोय. म्हटलं, भास. ती म्हणाली, मला नाही, तुमच्या नदीला झालाय.

पुलाचा खांब अंगावर आला. वल्ह्याने ढकलला. तो कशाला हलतोय, आम्हीच गरगर फिरलो. हिने आपल्या लाइफ जाकिटाचा पट्टा आवळला. तेच वाईट.

कसाबसा एका बाजूच्या फाट्यात नांगर टाकला. इंजिन सुरू होईना.

चार वाजता
पाणी गेलं. सगळं. चहूकडे चिखल. ढकलायला उतरलो तो मांडीपर्यंत आत, आणि आणखी आतच. हिने माझ्या जाकिटाचा पट्टा धरून वर ओढलं. चपला राहिल्या.

हिने फोन केला. जावई आणि रखवालदार चिखलावर फळ्या टाकत आले. रखवालदार म्हणाला, भरती आली की सुटेल बोट. म्हणजे ती भरती! मराठीत एका शब्दाला दोन अर्थ ठेवणाऱ्यांना धरायला हवं.

ही फळीवरून गेली. मी म्हणालो, कॅप्टन बोट सोडत नाही. ही वळलीसुद्धा नाही.

९ मार्च, सकाळ
भरती येऊन गेली. बोट छान तरंगली असणार, दोर ताणलेला दिसतोय. मी झोपलो होतो. पुन्हा चिखल.

अगं, भीती वाटली का ते तू बोललीच नाहीस. नाही वाटली ना? वाटली असेल तर विकू. खरंच विकू. फोन तुझ्याकडे राहिलाय, तेव्हा कसं कळवशील कोण जाणे, पण लवकर कळव.