वहिनींच्या बोटीतून सुटण्याबाबत

रविवार, दुपारचे तीन
(कपडे अजून ओलेच आहेत)

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (काल पाण्यात घातला तो वेगळा. हा मी स्वखुशीने घालतो आहे.)

तुम्ही, दादा आणि दादाची पाठ, तिघंही ठीक असाल असं धरून चालतो. मी इकडे ठीक आहे. नोकरी ठीक, जेवण मी करतो त्या मानाने ठीक. दिवसाला सहा लिफ्ट तपासतो, त्यांतल्या पाच पास करतो आणि सहावीच्या मालकाशी भांडतो. म्हणजे काम तेच, फक्त भांडण आता परक्या भाषेत करावं लागतं, त्यामुळे मी बहुतेक वेळा हरतो आणि हरलो हे मला घरी आल्यावर कळतं.

आधी एक गोष्ट कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. मध्यंतरी मी तुम्हाला ओळीने तीन शनिवार फोनवर इथल्या शर्यतींची जी हकीकत सांगितली, ती सगळी चुकीची होती. मी खोटं बोललो नाही. जे दिसलं तेच सांगितलं, पण दिसलंच चुकीचं. झालं असं की माझी खोली चौथ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, स्टुलावर उभं राहून मान डावीकडे काढली की दोन इमारतींच्या फटीतून वीतभर पाणी दिसतं. त्या पाण्यावर दर शनिवारी दहाच्या ठोक्याला पांढरी शिडं यायची. मोजून सोळा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तुम्ही विचारलंत, बोटी केवढ्या? मी म्हटलं, आपल्या दोन माणसांच्या डिंगीएवढ्याच. तुम्ही विचारलंत, क्रू पुढे कसा बसतो? मी म्हटलं, माणसं दिसतच नाहीत, बोटीचा तोल सावरायला इतकी बाहेर वाकलेली असणार. त्यावर तुम्ही सुस्कारा सोडून म्हणालात, बघा, वाकणं म्हणजे ते, अकरा वर्षं मी तुम्हाला हेच सांगत होते. आणि मी मान खाली घालून हो म्हटलं.

चौथ्या शनिवारी मी लाइफ जॅकेट, हातमोजे, रबरी बूट असा सगळा सरंजाम चढवूनच घरातून निघालो. (लिफ्टमध्ये शेजारीण होती. ती पुढच्याच मजल्यावर उतरली, तिथे तिचं काही काम नसताना.) जाऊन बघतो तर तलाव नाहीच. बागेतलं एक तळं, कमरेएवढं पाणी, काठावर घडीच्या खुर्च्या टाकून सोळा निवृत्त माणसं बसलेली, प्रत्येकाच्या हातात एकेक रिमोटची डबी, आणि पाण्यात माझ्या गुडघ्याएवढ्या सोळा बोटी. अंतराचा अंदाज घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, वहिनी. मी कपाळाला हात लावला. पण इतक्या लांब नटून आलो होतो, विचारल्याशिवाय परत कसा जाऊ? कडेला बसलेल्या गृहस्थांना (हे पूर्वी दंतवैद्य होते, त्यामुळे आधी माझ्या दातांकडेच बघतात) मी विचारलं, कुणाच्या बोटीवर क्रू हवा आहे का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग आपल्या बोटीकडे पाहिलं, आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले की सध्या तरी जागा नाही.

मात्र माणूस भला निघाला. खऱ्या बोटींचा क्लब पंपहाउसच्या पलीकडे आहे, बसने वीस मिनिटं, असं त्यांनी कागदावर नकाशा काढून सांगितलं. (नकाशातला तलाव दाढेच्या आकाराचा होता. प्रत्यक्षातही तसाच आहे.) पुढच्या शनिवारी तिथे पोचलो. एक लांबलचक पत्र्याची शेड, आत ओल्या दोऱ्यांचा वास, भिंतीला खुंट्याच खुंट्या, दाराशी पार्सल तोलायचा काटा. टेबलामागे चिटणीसबाई. एरवी त्या पोस्टात असतात, आणि इथेही माणसाकडे त्याच नजरेने बघतात. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पहिला प्रश्न वजन किती. मी म्हटलं साठ. त्यांनी बोटाने काटा दाखवला. साडेत्रेसष्ट भरलं. अर्धा किलो बुटांचा आहे असं मी सांगून पाहिलं, तर त्या म्हणाल्या बूट घालूनच बसणार ना? मग दारावरच्या फळ्यावर उजव्या बाजूला, 'बोट नसलेले क्रू' या सदराखाली त्यांनी खडूने साडेत्रेसष्ट लिहिलं. नाव नाहीच. तेव्हापासून इथे मला सगळे साडेत्रेसष्ट म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला ओ द्यायलाही लागलो.

आता गंमत अशी, की फळ्यावर डाव्या बाजूला क्रू नसलेल्या दोन बोटी होत्या आणि उजव्या बाजूला मी एकटा. हिशेबाने माझी लॉटरीच लागायला हवी. पण वहिनी, गाडी पुढे सरकेना. माणसं यायची, वजनावर खूश व्हायची, हात बघायची, चहा द्यायची आणि मग विचारायची, आधी कुणाबरोबर होतास? मी मोठ्या अभिमानाने सांगायचो, माझ्या वहिनींबरोबर, अकरा वर्षं. की समोरचा एकदम गंभीर व्हायचा, चहाचा कप खाली ठेवायचा आणि निघून जायचा. एकजण तर टोपी काढून गेला. मला काही उमजेना. बायकांनी सुकाणू धरलेलं यांना खपत नसेल म्हणावं, तर इथे निम्म्या बोटींचं सुकाणू बायकांच्याच हातात. मग वाटलं बुटांचा वास येत असेल. बूट धुतले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, फक्त आता पाय गार पडलेले. असे तीन शनिवार मी काठावर उभा राहून दुसऱ्यांच्या बोटी पाण्यात ढकलत होतो. घरी येऊन त्या स्टुलाकडे बघवत नव्हतं. खरं सांगतो, नोकरी सोडून परत यावं की काय असाही विचार दोनदा मनात आला, त्यातला एकदा तर लिफ्टच्या छतावर बसून.

काल अखेर दार किलकिलं झालं. इथे एक घड्याळजी आहेत, शांत माणूस, बोलताना एक डोळा बारीक करतात. क्रू म्हणून त्यांची मुलगी असते, तिची काल परीक्षा होती. ते म्हणाले, आजच्या दिवसापुरता ये. बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर मी सुकाणू धरून उभा असेन, तू बोटीचं नाक पकड, भोंगा झाला की उडी मार. सूचना इतकी सोपी, की चुकायला वावच नाही असं मला वाटलं. पण उतारावर बघतो तर तेवीस बोटी, सगळ्या राखाडी, सगळी शिडं फडफडताहेत त्यामुळे आकडा एकाचा दिसत नाही, आणि माणसं सगळी त्याच नारिंगी जॅकेटांत. तेवढ्यात भोंगा झाला. माझी पाचावर धारण बसली. समोर एक नाक दिसलं, ते पकडलं, ढकललं आणि उडी मारली.

आता यात तुमचा दोष किती आणि माझा किती ते तुम्हीच ठरवा. क्रूने मागे वळून बघायचं नाही, समोरच्या शिडावर नजर ठेवायची, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलंत. मी वळलो की पाठीत वल्ह्याचं टोक बसायचं. म्हणून कालही मी मागे बघितलं नाही. मागून हुकूम आला, शीड ओढ. ओढलं. बाहेर वाक. वाकलो. वळतोय, डोकं सांभाळ. सांभाळलं. आवाज बाईचा होता. घड्याळजी हे पुरुष आहेत, हे मला माहीत होतं. तरी वहिनी, मला त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही. बोटीत बसलो, मागून बाई ओरडायला लागली, मला वाटलं सगळं ठीक चाललं आहे. सात महिन्यांत इतकं ठीक मला कधी वाटलं नव्हतं.

वळणाच्या दुसऱ्या तरंगत्या बोयापर्यंत आम्ही पाचवे होतो. मग बोट जड व्हायला लागली. पायाला पाणी लागलं, ते पोटऱ्यांपर्यंत आलं, आणि मागून प्रश्न आला, बूच लावलंस ना? कुठलं बूच, असं विचारायला मी अखेर मागे वळलो. मागे एक उंच बाई होत्या, पेशाने शाळामास्तरीण. त्यांना वाटत होतं पुढे आपला नवरा बसला आहे. दोघेही किंचाळलो. (मला त्या नंतर म्हणाल्या की संशय त्यांना आधीच आला होता. नवऱ्याने एवढं उलट न बोलता ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.) नवरा बोटीच्या तळाचं बूच आणायला शेडमध्ये गेला होता, तेवढ्यात मी त्याची बायको घेऊन निघालो होतो. तो उतारावर उभा राहून हातातलं बूच उंच धरून नाचत होता, आणि त्याच्या शेजारी घड्याळजी, एक डोळा बारीक करून. बोट भरली, आडवी झाली आणि साष्टांग नमस्कार झाला तो तेव्हा.

मग शेडमध्ये सगळे टॉवेल गुंडाळून बसले आणि माझा निकाल सुरू झाला. इथले कप्तान नळदुरुस्तीचं काम करतात. त्यांनी आधी बूच सगळ्यांना दाखवलं, मग मला समजावलं. यांच्यात पूर्वी क्रू पळवापळवीवरून इतकी भांडणं झाली, की ताफा मोडला आणि दोन लग्नंही मोडली. तेव्हापासून नियम असा: आधीच्या सुकाणूने (म्हणजे सुकाणू धरणाऱ्याने) लेखी सोडल्याशिवाय कुणी कुणाच्या क्रूला हात लावायचा नाही. एक दिवस उसना घेता येतो. माझा तो एक दिवस मी चुकीच्या बोटीत वापरून टाकला होता. म्हणजे कळलं का वहिनी, माणसं चहा ठेवून का जायची ते? तुमचा मान राखून! तेवीस बोटींचा ताफा, तुम्हाला कधी न बघता, तुम्हाला वचकून होता.

मी सांगितलं, अहो, त्या तिकडे, आमच्या धरणावर, मी इकडे येऊन सात महिने झाले. कप्तान म्हणाले, ते असू दे, पण 'जा, तू मोकळा' असं त्यांनी तुला कधी म्हटलं का? मी आठवून पाहिलं. विमानतळावर तुम्ही एवढंच म्हणाला होतात, की जॅकेट हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात चुरगळेल. मी म्हटलं, नाही, तसं काही म्हटल्या नाहीत. कप्तान म्हणाले, मग तू अजून त्यांचाच. सगळ्या शेडने मान डोलावली. आणि मी, त्रेचाळीस वर्षांचा नोकरदार माणूस, ओल्या विजारीत उभा, ते ऐकून मला फार बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. तलावाचं आहे म्हणून सांगितलं.

तर असा सगळा गोंधळ आहे, पण काळजीचं कारण नाही. हे पत्र निव्वळ खुशाली कळवण्यासाठी आहे, काम काहीच नाही. दादाला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
धाकटा दीर
(येथील दप्तरी: साडेत्रेसष्ट)

ता. क. काम एक आहे. घड्याळजींची मुलगी परीक्षेनंतर दुसऱ्या गावी शिकायला जाणार, त्यांच्या बोटीत हंगामभर जागा आहे, आणि झाल्या प्रकारानंतरही ते मला घ्यायला तयार आहेत. (त्यांना हुकूम पाळणारा माणूस आवडला.) नावनोंदणी महिनाअखेरीला बंद होते. नाही झाली तर वर्षभर काठावर. सोबत सुटकेचा कागद आहे, तुम्ही फक्त सही करायची. खाली क्रूचे दोष लिहायचे आहेत, किमान तीन, त्याहून कमी असले तर इथे विश्वास ठेवत नाहीत. तुम्हाला जागा पुरणार नाही हे जाणून मी मागे कोरा कागद जोडला आहे.

ता. क. दुसरा. दादाचा फोन आला होता. तुम्ही अंघोळीला गेल्याचं बघून केला असावा, कुजबुजत होता. म्हणाला मी गेल्यापासून बोट ताडपत्रीखाली आहे. तुम्ही सगळ्यांना गुडघा दुखतो म्हणून सांगता. ती बँकेतली मुलगी क्रू म्हणून येऊ का असं दोनदा विचारून गेली, तिला तुम्ही म्हणालात, माझा क्रू आहे. वहिनी, असं करू नका हो. क्रूने सुकाणू सोडायची पद्धत यांच्यात नाही, पण मी चिटणीसबाईंकडून आणखी एक कोरा फॉर्म मागून आणला आणि तो त्या मुलीच्या नावे भरला आहे: 'सदर सुकाणू मी सोडल्या आहेत. दोष: ओरडतात.' पुढच्या दोन ओळी रिकाम्या आहेत. तीन लिहायचे असतात, पण मला एवढा एकच सापडला.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवल्यावर बघतो तर दोन्ही कागद टेबलावरच. लिफ्टच्या कामात माझा कागद आजवर कधी राहिला नाही. बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो. आत्ता किटलीच्या वाफेवर पाकीट उघडून दोन्ही घातले आहेत. सही करा, वहिनी. मला हे पुन्हा उघडावंसं वाटायच्या आत मी पेटीत टाकून येतो.