पाण्यावर कुणी जावई नसतं

आबा,

यंदा धरणाचं पाणी लवकर उतरलं आणि तुमची जागा उघडी पडली. बाभळीचे बुंधे पुन्हा दिसायला लागले आहेत. बुंध्यांजवळ गळाची दोरी, तंगूस, अडकतो म्हणून लोक तिथे बसत नाहीत, आणि लोक बसत नाहीत म्हणून मासा तिथेच असतो, असं तुम्ही म्हणायचात. गेल्या रविवारी मी तिथे बसून आलो. तेव्हापासून तुम्हाला लिहावं असं मनात आहे. तुम्ही होता तेव्हा कधी लिहिलं नाही. कर्वेनगरहून धायरीला सायकलने यायला तासभर पुरायचा, त्यामुळे पत्राची गरजही नव्हती. आणि आलो तरी माझं बोलणं 'हो', 'बरं', 'नको, पुरे' यापुढे जात नसे.

तुमच्या मुलीशी माझं लग्न झालं तेव्हा माझ्या बाजूने मांडवात काका-काकूंशिवाय कुणी नव्हतं. वडील मी बोलायला लागायच्या आधी गेले, आई नंतर चार-पाच वर्षांनी. पुढे वसतिगृहात वाढलो, शिकलो, आणि पुण्यात एका कचेरीत नकाशे काढायला लागलो. लग्न झाल्यावर आपल्याला एक घर मिळेल असं मी धरून चाललो होतो. घर मिळालं, पण त्या घरात मी पाहुणा होतो. यात तुमची काही चूक नव्हती, रीतच तशी. जावई आला की पाट, ताटाभोवती रांगोळी, हातावर पाणी. ताट उचलायला वाकलो की सासूबाई, ज्यांना मीही आईच म्हणायचो, आतून धावत येत. स्वयंपाकघराचा उंबरा मी ओलांडायचा नाही. तुमची मुलगी आत तिच्या आईजवळ बसून हसतेय, काहीतरी निवडतेय, चुलीवरचं चाखतेय, आणि मी ओटीवरच्या बाजेवर इस्त्रीचे कपडे सांभाळत बसलो आहे. तुम्ही शेतातून येऊन शेजारी बसायचात. तुम्हीही बोलत नसायचात, मीही नाही. एकदा असेच बराच वेळ बसल्यावर तुम्ही विचारलंत, "पान्यावर येता का?"

मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायची मला सवय नव्हती. पण पाण्यावरही मी जावईच होतो. निघायच्या आधी तुम्ही स्वयंपाकघरात बसून आमिषाची पेंड मळायचात. शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन, मूठभर कणीक, चिमूटभर हिंग, आणि पाणी अगदी थेंबाथेंबाने. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "घरच्या पोळ्यांची कणीक कधी मळली न्हाई या मानसानं. माशांची मातर लोण्यावानी मळतोय." मी उंबऱ्याबाहेरून बघत असे. एकदा धीर करून हात पुढे केला तर तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या जावईबापू, हाताला वास लागंल." काठावर पोचल्यावर तुम्ही माझ्यासाठी सावलीत सतरंजी अंथरायचात. गळ तुम्ही बांधणार, शिसं तुम्ही लावणार, आमिष तुम्ही लावणार, गळ पाण्यात फेकून काठी बेचक्यात टेकवणार, आणि मग तिच्या शेजारी मला बसवणार. वराच्या हातात नारळ देतात तसा प्रकार.

तुमच्याबरोबर कॅम्पातले एक शिंपी असायचे. त्यांना तुम्ही मास्टर म्हणायचात आणि ते तुम्हाला पाटील, तुम्ही पाटील नसूनही. ते मला सांगायचे, "जावईसाहेब, डोळे उघडे ठेवा, हे शिकवणार नाहीत." मी ठेवले. तुम्ही वारा तोंडावर येईल असे बसता, कारण वाऱ्याबरोबर खाणं काठाकडे वाहत येतं आणि त्यामागे मासा. सावली पाण्यावर पडू देत नाही. धरणातून पाणी सोडलेलं असलं की काठी सोडतच नाही, नुसता चहा पिऊन परत येता. हे सगळं मी सतरंजीवरून शिकलो. पोहणं पुस्तकातून शिकावं तसं.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. जावयाचं वाण म्हणून तुम्ही मला टेरिकॉटच्या पँटचं कापड दिलंत. शिवली मास्टरांनी. धोंडे खायला आलो तो तीच पँट घालून, नाहीतर आईंना वाईट वाटलं असतं. जेवण झालं, ऊन कललं, आणि तुम्ही म्हणालात चला. आजही त्या दुपारची सगळी जागा डोळ्यांपुढे आहे. पाणी खाली गेलेलं, काठाला चिखलाचा रुंद पट्टा, बुंधे उघडे. तुमची आवडती बांबूची काठी माझ्यापुढे ठेवलेली. आणि काय झालं कुणास ठाऊक, पुरणामुळे असेल, तुम्ही बोलायला लागलात. स्वतःच्या वडिलांविषयी. ते घरात तुमच्याशी बोलत नसत, पण मोट चालवताना बैलांना सांगितल्यासारखं करून तुम्हाला सांगत. त्यांना पोरगा चुकलेला दिसला की ते बैलाला रागवत, आणि बैल बिचारा बघत राही. कुणी आपल्या बापाविषयी असं माझ्याजवळ बसून कधी बोललं नव्हतं. मी कान देऊन ऐकत होतो.

ऐकताना मला गळाच्या दोरीवर तरंगणारी मोरपिसाची कांडी दिसत होती. ती आधी थरथरली, मग आडवी झाली, मग एका बाजूला सरकत पाण्याखाली गेली. मला सगळं दिसलं. पण मोठं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही हे वसतिगृहात पट्टीने शिकवलेलं होतं. मी तुमचं वाक्य संपायची वाट बघत राहिलो. वाक्य लांब निघालं. म्हैस पाण्यात शिरावी तितक्या शांतपणे काठी बेचक्यातून सुटली आणि धरणात गेली.

तुम्ही थांबलात. काठीकडे बघितलंत, मग माझ्याकडे.

"दिसत हुतं तुम्हास्नी?"

"हो."

"मग?"

"तुम्ही बोलत होता."

मास्टरांनी हातातला चहा खाली ठेवला आणि पोट धरून हसले. तुम्ही हसला नाहीत. या घरात मी आता पाहुणाही राहणार नाही असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "मासा लागल्यावर सासऱ्याचा मान ठिवायचा नसतो. जावा, आना काठी."

तोवर तुम्ही मला पाण्याचा तांब्यासुद्धा आणायला सांगितलं नव्हतं. मी उठलो आणि तसाच चिखलात शिरलो. मागून मास्टर म्हणत होते, "अहो, निदान दुमडा तरी. शिलाई माझी आहे." गुडघ्यापर्यंत चिखल, मग कमरेपर्यंत पाणी. काठी बुंध्यांकडे चालली आहे, मी तिच्यामागे. मुठीत आल्यावर कळतं की पलीकडे कुणीतरी आहे, आणि त्याला माझ्या शिक्षणाशी काही देणंघेणं नाही. मी जोर करून ओढतो. काठावरून तुमचा आवाज येतो, "वढू नगा! उभी धरा काठी. पळू द्या त्याला, दमू द्या." मी काठी उभी धरतो, पण उशीर झालेला असतो. मासा बुंध्याला वळसा घालतो, तंगूस तुटतो, आणि काठी एकदम हलकी होते.

नुसती काठी घेऊन मी परत आलो. तुम्ही माझ्या पँटकडे पाहिलंत, हातांकडे पाहिलंत, आणि पेंडीचं पातेलं माझ्यापुढे सरकवलंत. "वाळलीय. मळा." मी हात धुवून येतो म्हणालो. "माशाला काय करायचंय?" तुम्ही म्हणालात. मी मळली. पाणी जास्त झालं. तुम्ही ती काठाला चारा म्हणून फेकून दिलीत आणि परत मळायला सांगितलंत. पुढची गळावर टिकेना. त्यानंतरची तुम्ही बोटांत घेऊन फिरवलीत, स्वतःच्या गळाला लावलीत आणि फेकलीत. मासा लागला नाही. पण तुम्ही अंधार पडेपर्यंत त्याच पेंडीवर बसलात.

घरी आल्यावर आईंनी मला बघितलं आणि तुम्हाला धारेवर धरलं. वाणाची पँट, अधिक महिना, लोक काय म्हणतील. तुम्ही पाय धुता धुता एवढंच म्हणालात, "पान्यावर कुनी जावई नसतं." त्यावर त्यांनी माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, ओटी नुकतीच सारवली आहे, मागच्या दाराने या. मागचं दार स्वयंपाकघरात उघडतं. मी आत गेलो, तुमचं जुनं धोतर गुंडाळून चुलीशेजारी बसलो, आणि तिथेच जेवलो. रांगोळी नव्हती. ताट मी उचललं, तर कुणी धावत आलं नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षं आपण पाण्यावर गेलो. आपलं बोलणं फारसं वाढलं नाही, पण पेंड मीच मळत राहिलो. तुम्ही गेलात, मागून मास्टरही गेले. धायरीचं शेत आता इमारतींखाली आहे आणि मी निवृत्त आहे. गुडघे कुरकुरतात, बाकी बरं चाललं आहे. बहुतेक रविवारी स्कूटर काढतो. तुमची मुलगी बरोबर येते, स्वेटर विणते आणि कांडी हलली की माझ्याआधी बघते. खराडीकडची पोरं येतात, कंपन्यांत कामाला असलेली. त्यांच्याकडे घडीच्या काठ्या आणि महागाची रिळं असतात, पण चारा टाकायला धीर नसतो. विचारलं तर मी सांगतो. आदल्या दिवशी येऊन त्याच जागी चारा टाकून जा. कांडी नुसती थरथरली तर हात लावू नका, सरकायला लागली की झटका द्या. लहान मासा सोडायचा असेल तर आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याची कातडी जाते. इतकं मी एरवी आठवडाभरातही बोलत नाही.

गेल्या रविवारी त्यांतल्या एकाने विचारलं, "काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी म्हणालो, "वडिलांनी."

असं म्हणायची ही माझी पहिली वेळ नव्हती. पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं होतं आणि ते दुरुस्त करायचं राहिलं. आता जाणूनबुजून म्हणतो. तुमच्या मुलीने विणकामातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा सुया चालू केल्या. घरी येतानाही तिने विषय काढला नाही. हे पत्र तिलाही दाखवणार नाही, ते इथेच टेबलाच्या खणात राहील. असं म्हटलेलं तुम्हाला चालतं का, हे विचारण्यासाठी मी लिहायला बसलो होतो. पण इथवर आल्यावर लक्षात आलं की मला ते विचारायचं नाही. तुम्ही नको म्हणाला असतात, तरी मी तसंच म्हटलं असतं.